रुग्णवाहिकेची चावी काढून मारहाण केली, आणि पोलीस म्हणतात ‘एनसी घ्या’

वाचकाचं पत्र

ताई, नमस्कार. मी रुग्णवाहिकेवर चालक आहे, ठेकेदारामार्फत. गेल्या महिन्यात रात्री दोन मोटारसायकलींची समोरासमोर धडक झाल्याचा कॉल आला. आम्ही पोहोचलो तेव्हा एक मुलगा गेलेला होता. डॉक्टर मॅडमनी तपासलं, नाडी नव्हती, श्वास नव्हता. दुसऱ्याचा श्वास चालू होता, पण रक्त खूप जात होतं. मॅडम म्हणाल्या, याला लगेच घ्या. त्याला गाडीत घेतलं. तेवढ्यात गेलेल्या मुलाचे घरचे आणि गावातली माणसं आली. ‘आमच्या पोराला आधी उचल’ म्हणून अंगावर धावून आली. कोणीतरी गाडीची चावी काढून घेतली. मला खाली ओढून मारलं. मॅडमना घाण शिव्या दिल्या, त्यांची ओढणी ओढली. पुढची काच फोडली. वीसेक मिनिटं गाडी जागेवरच होती. शेवटी गावातल्याच एका बाईंनी चावी आणून दिली. तो जखमी मुलगा वाचला.

माझ्या करंगळीचं हाड मोडलं, प्लास्टर घातलंय. पोलीस ठाण्यात गेलो तर हवालदार म्हणाले, ‘३५३ सरकारी माणसाला लागतो, तू कंत्राटी आहेस, एनसी घे.’ म्हणजे नुसती अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. सुपरवायझर म्हणतात मिटवून टाक, नाहीतर लांबच्या तालुक्यात टाकू. गावचे पुढारी म्हणतात, त्यांचं तरणंताठं पोर गेलं आणि तू त्यांच्यावर केस घालतोस? आता त्या घरच्यांनीही अर्ज दिलाय, की आम्ही त्यांच्या मुलाला मुद्दाम टाकून गेलो. बायको म्हणते नोकरी सोड. रात्री सायरन ऐकला की छातीत धडधडतं. मी काय करू?

– एक चालक

उत्तर

दादा, तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात. करंगळीचं हाड मोडलं. हवालदारांशी सरकारी की कंत्राटी यावर वाद घालण्याआधी त्या एक्स-रेचा कागद पुढे ठेवायला हवा होता. हाड किंवा दात मोडला की कायद्याच्या भाषेत ती ‘जबर दुखापत’ होते. भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ मध्ये तसं स्पष्ट लिहिलंय. जबर दुखापत केल्याबद्दल कलम ११७ खाली सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते आणि हा गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलिसांनी एफआयआर नोंदवून तपास करायचा असतो. इथे मार खाणारा सरकारी नोकर होता, ठेकेदाराचा माणूस होता की रस्त्याने जाणारा वाटसरू होता, याने काडीचा फरक पडत नाही. मोडलेल्या हाडाची ‘एनसी’ होत नाही.

चावी काढून घेऊन गाडी अडवली, हाही स्वतंत्र गुन्हा आहे. कलम १२६ प्रमाणे माणसाला जायच्या दिशेने जाऊ न देणं म्हणजे गैरनिरोध. त्याची शिक्षा किरकोळ आहे, महिनाभर साधी कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. पण तुमच्या प्रकरणात त्याचं मोल शिक्षेत नाही. गाडीत रक्त जाणारा माणूस असताना गाडी वीस मिनिटं हलू दिली नाही, ही गोष्ट त्या कलमामुळे कागदावर येते. फिर्यादीत ते वाक्य असलंच पाहिजे.

आणखी एक नियम लक्षात ठेवा. एकाच घटनेत काही गुन्हे अदखलपात्र आणि एखादा जरी दखलपात्र असेल, तर सगळं प्रकरण दखलपात्र धरलं जातं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या, कलम १७४ मध्ये हे आहे. म्हणजे शिवीगाळ एनसीत आणि बाकीचं नंतर बघू, असे तुकडे पोलिसांना पाडता येत नाहीत. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाल्यावर एफआयआर नोंदवणं पोलिसांवर बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१३ मध्ये ललिता कुमारी प्रकरणात सांगितलंय. नव्या कायद्यात एक जागा मात्र पोलिसांना मिळाली आहे. तीन वर्षं ते सात वर्षांच्या आतली शिक्षा असलेल्या गुन्ह्यात उपअधीक्षकांच्या परवानगीने ते १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करू शकतात. तसं कोणी म्हणालं तर वाद घालू नका. परवानगी कधी घेतली आणि १४ दिवस कधी संपतात, एवढंच लेखी विचारा.

आता त्या ‘३५३’ विषयी. ठाण्यात अजून सगळ्यांच्या तोंडी तोच आकडा आहे, पण १ जुलै २०२४ पासून जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि ते कलम आता १३२ झालं. लोकसेवकाला त्याचं कर्तव्य करण्यापासून रोखण्यासाठी हल्ला किंवा बळाचा वापर, म्हणजे आपण ज्याला सरकारी कामात अडथळा म्हणतो ते. महाराष्ट्राने २०१८ मध्ये जुन्या ३५३ ची शिक्षा दोन वर्षांवरून पाच वर्षांवर नेली होती. नव्या संहितेत १३२ ला पुन्हा दोनच वर्षं आहेत. मला हे पाऊल मागे घेतल्यासारखं वाटतं. मात्र अडवताना इजा झाली असेल तर कलम १२१ लागतं. त्यात साध्या दुखापतीला पाच वर्षांपर्यंत, आणि जबर दुखापतीला कमीत कमी एक वर्ष व जास्तीत जास्त दहा वर्षं कैद आहे. तुम्ही लोकसेवक ठरलात, तर तुमची करंगळी या दुसऱ्या भागात बसते.

तुम्ही लोकसेवक ठरता का? इथे मी तुम्हाला गुळगुळीत उत्तर देणार नाही. संहितेच्या कलम २ मध्ये लोकसेवकाची व्याख्या आहे. त्यात शासनाच्या नोकरीत किंवा पगारावर असलेला माणूस येतो, तसा सार्वजनिक कर्तव्य बजावल्याबद्दल शासनाकडून फी किंवा कमिशन मिळणारा माणूसही येतो. तुमचं काम सार्वजनिक आहे यात कोणालाच शंका नाही, पण पगार ठेकेदाराच्या खात्यातून येतो, आणि आरोपीचा वकील नेमकं त्यावर बोट ठेवेल. हा वाद दोन्ही बाजूंनी लढवता येतो. म्हणून फिर्यादीत १३२ आणि १२१ जरूर मागा. सोबत ओळखपत्र, त्या रात्रीचा ड्यूटी चार्ट आणि शासनाने ठेकेदाराला दिलेल्या कामाच्या आदेशाची प्रत जोडा. पण सगळी फिर्याद त्या एका खुंटीला टांगू नका. तो मुद्दा न्यायालयात निघेल. तोवर ११७ आणि १२६ आपल्या पायावर उभे आहेत. लोकसेवक कोण हे ठाण्याच्या टेबलावर हवालदारांनी ठरवायचं नसतं.

हल्ला म्हणजे रक्त निघायलाच हवं असंही नाही. मारण्याच्या आविर्भावात हात उगारला, काठी उचलली आणि आता मारतो अशी भीती वाटली, तरी कायद्यात तो हल्ला होतो. तुमच्या मॅडमना कोणी फटका मारला नसेल, तरी त्यांच्यावर हल्ला झालाच नाही असं कोणी म्हणू शकत नाही.

मॅडमबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण तुमच्या पत्रात त्या कोपऱ्यात राहिल्यात. त्यांची फिर्याद किंवा जबाब वेगळा असायला हवा. तुमच्या फिर्यादीतली एक ओळ त्यांना पुरणार नाही. ओढणी ओढणं हे कलम ७४ मध्ये येतं, स्त्रीच्या विनयभंगाच्या हेतूने हल्ला किंवा बळाचा वापर. त्याला कमीत कमी एक वर्ष आणि जास्तीत जास्त पाच वर्षं कैद आहे. घाण शिव्या देताना बाईमाणसाच्या लज्जेला हात घालणारे शब्द वापरले असतील, तर कलम ७९. या गुन्ह्यांची माहिती महिला पोलीस अधिकाऱ्याने किंवा दुसऱ्या महिला अधिकाऱ्यानेच नोंदवायची असा नियम आहे. त्या तो आग्रहाने मागू शकतात. अनेक तरुण डॉक्टर मुली ‘नको, उगाच नाव येईल’ म्हणून गप्प बसतात. त्यांना गप्प बसायचं असेल तर तो त्यांचा निर्णय, पण तो सगळं माहीत असताना घेतलेला असू दे. हे पत्र त्यांनाही वाचायला द्या.

महाराष्ट्रात वैद्यकीय सेवेतल्या माणसांसाठी २०१० चा वेगळा कायदा आहे. डॉक्टर, परिचारिका, पॅरामेडिकल कर्मचारी यांच्यावर हिंसा केली, धमकावलं किंवा त्यांच्या कामात अडथळा आणला तर तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. मोडतोड झालेल्या साहित्याची दुप्पट भरपाईही त्यात आहे. या कायद्याला ‘लोकसेवक’ हा शब्दच लागत नाही, म्हणून मॅडमच्या बाबतीत तो फार उपयोगी आहे. चालकाचं नाव त्यात स्पष्टपणे नाही, आणि घटना दवाखान्याच्या आवारात न घडता रस्त्यावर घडली हा मुद्दाही समोरचे काढतील. रुग्णवाहिका म्हणजे रुग्णालयाने रस्त्यावर आणलेली सेवाच आहे, हे म्हणणं तुमच्या बाजूने मांडावं लागेल. तरीही मॅडमच्या फिर्यादीत या कायद्याचा उल्लेख हवाच. फुटलेल्या काचेसाठी, गाडी शासनाच्या मालकीची किंवा ताब्यातली असेल तर, सार्वजनिक मालमत्तेच्या नुकसानीचा १९८४ चा कायदा आहे. त्यात पाच वर्षांपर्यंत कैद आहे.

मला सगळ्यात जास्त राग आला तो सुपरवायझरच्या निरोपाचा. ‘मिटवून टाक’ हे सांगण्याचा अधिकार त्यांना कोणी दिला? त्या रात्री जी अडवली गेली ती शासनाची रुग्णसेवा होती. मार तुम्हाला बसला, पण अडवणूक सेवेची झाली. अशा वेळी फिर्याद संस्थेने द्यायची असते. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात तरुण महिला डॉक्टरवर झालेल्या बलात्कार आणि खुनानंतर केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने केंद्रीय रुग्णालयं आणि वैद्यकीय महाविद्यालयांच्या प्रमुखांना कळवलं, की कामावर असलेल्या आरोग्य कर्मचाऱ्यावर हिंसा झाली तर सहा तासांच्या आत संस्थेच्या नावाने एफआयआर नोंदवण्याची जबाबदारी प्रमुखाची आहे. तो आदेश तुमच्या ठेकेदाराला थेट बांधत नाही हे खरं. पण योग्य काय, याचं माप त्यात दिलेलं आहे, आणि ते माप दाखवून तुम्ही लेखी मागणी करू शकता. जिल्हा शल्यचिकित्सकांच्या नावाने अर्ज लिहा, प्रत जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना आणि ठेकेदाराच्या कार्यालयाला. त्यात दोनच मागण्या करा: संस्थेच्या वतीने फिर्याद द्यावी, आणि त्या रात्रीच्या कॉलची नोंद, गाडीचा जीपीएस आणि मॅडमनी भरलेला रुग्णाचा तपशील जपून ठेवून त्याच्या प्रती द्याव्यात. आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबलावरून उठू नका.

बदलीची धमकी तोंडी आहे तोवर ती धमकीच राहते. तोंडी निरोप आला की त्याच दिवशी मेसेजवर लिहून कळवा: ‘आज आपण मला तक्रार मागे घेतली नाही तर अमुक तालुक्यात पाठवण्याबद्दल बोललात, माझं म्हणणं असं आहे.’ शांत, सरळ, एक-दोन ओळी. पुढे खरंच बदली झाली तर हा मेसेज तुमच्या कामी येईल.

हाताच्या उपचाराचा खर्च आणि घरी बसलेल्या दिवसांचा पगार हाही तुमचा हक्क आहे, कोणाची मेहरबानी नाही. कामावर असताना झालेल्या इजेची जबाबदारी नोकरी देणाऱ्यावर असते. तुमच्या पगारातून ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचा हप्ता, कापला जात असेल तर ठेकेदाराला अपघाताचा अहवाल द्यायला लावा. कामावरच्या इजेमुळे काम बंद असेल त्या काळात पगाराच्या ९० टक्के दराने भत्ता मिळतो. सुपरवायझरने हे तुम्हाला सांगितलेलं दिसत नाही.

आता त्या घराबद्दल. तुमच्या गावातले पुढारी जे म्हणतात त्यातला एक भाग मला मान्य आहे. ज्यांचा मुलगा डोळ्यांसमोर रस्त्यावर पडलाय, त्यांना कोणाला आधी न्यायचं हा हिशेब त्या क्षणी समजावून सांगता येत नाही. रुग्णवाहिका आली आणि आपल्या पोराला सोडून दुसऱ्याला उचलतेय, एवढंच त्यांना दिसलं. ज्याचा जीव वाचू शकतो त्याला आधी घ्यायचं हा जगभरच्या तातडीच्या सेवेचा नियम आहे आणि मॅडमनी तो पाळला म्हणून आज एक मुलगा जिवंत आहे. पण त्या बापाने तेव्हा आरडाओरडा केला, छाती बडवून घेतली, मॅडमचा हात धरून विनवण्या केल्या, अगदी ‘तुम्ही माणसं नाही’ असंही म्हटलं, तर मी त्याला गुन्हा म्हणणार नाही. तुम्हीही म्हणू नका. हाड मोडणारा वेगळा, चावी काढणारा वेगळा, ओढणी ओढणारा वेगळा. कोणी काय केलं ते नावानिशी लिहा. नाव माहीत नसेल तर वर्णन लिहा, पुन्हा पाहिलं तर ओळखू शकेन असं लिहा.

हे एवढं जोर देऊन सांगण्याला कारण आहे. ठाण्यात फिर्याद टंकताना शेवटी ‘व इतर तीस ते चाळीस अनोळखी इसम’ अशी ओळ सहज घातली जाते. पाच किंवा जास्त माणसांचा बेकायदेशीर जमाव ठरला की त्या जमावातल्या प्रत्येकावर सगळ्यांच्या कृत्याची जबाबदारी येते. त्या एका ओळीत मग गावातला कोणीही सापडतो. बघायला थांबलेला, मध्ये पडून सोडवणारा, आणि उद्या तुमच्या बाजूने साक्ष द्यायला हवा असलेला माणूससुद्धा. तुम्हाला चावी आणून देणाऱ्या बाईंचा मुलगा त्या गर्दीत नसेल कशावरून? तुम्ही जेवढं पाहिलं तेवढंच लिहा. ती ओळ आपोआप आली तर खोडायला लावा.

गर्दीत मोबाईलवर चित्रण करणाऱ्यांचाही तुम्हाला राग आला असेल. नुसतं चित्रण करणं, प्रश्न विचारणं, वाट अडवल्याशिवाय आरडाओरड करणं हा सरकारी कामातला अडथळा नाही. ३५३ चा वापर सामान्य माणसाला गप्प करायला झाल्याची तक्रार आपल्याकडे जुनी आहे. २०१५ मध्ये माणिक तनेजा प्रकरणात, बंगळुरूच्या वाहतूक पोलिसांच्या फेसबुक पानावर टीका लिहिणाऱ्या जोडप्यावरचा गुन्हा सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला, कारण त्यात ना हल्ला होता ना बळाचा वापर. कलम जितकं जपून वापरलं जाईल तितकं ते तुमच्यासारख्या खऱ्या प्रकरणात टिकेल. उलट, त्या चित्रणाचा तुम्हालाच उपयोग आहे. ज्याच्याकडे असेल त्याला मूळ फाइल न कापता, कोणाला पुढे न पाठवता त्या मोबाईलमध्ये तशीच ठेवायला सांगा. इलेक्ट्रॉनिक पुरावा न्यायालयात दाखल करताना साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं आणि व्हॉट्सॲपवर दहा हातांतून फिरलेली फाइल कुठून आली हे सांगणं अवघड जातं. तुम्ही स्वतः ते चित्रण कुठेही टाकू नका. त्यात एका गेलेल्या मुलाचा देह आहे आणि एका जखमी मुलाचा चेहरा आहे.

त्या बाईंविषयीही काळजी घ्या. त्यांना त्याच गावात राहायचंय. त्यांचं नाव पोलिसांच्या जबाबात यावं, चहाच्या टपरीवर नाही. साक्षीदाराला धोका असेल तर संरक्षण मागण्याची योजना २०१८ पासून आहे, तसा अर्ज त्यांच्या वतीने करता येतो.

मुलाला मुद्दाम टाकून गेल्याचा त्या घरच्यांचा अर्ज पाहून घाबरू नका, पण त्याकडे दुर्लक्षही करू नका. निष्काळजीपणाने मृत्यू घडवण्याचं कलम १०६ आहे. डॉक्टरवर अशी तक्रार आली तर पोलिसांनी आधी त्या विषयातल्या स्वतंत्र, शक्यतो सरकारी सेवेतल्या डॉक्टरचं मत घ्यावं, असं सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये जेकब मॅथ्यू प्रकरणात सांगितलंय. कोणाला आधी न्यायचं हा वैद्यकीय निर्णय होता, तो मॅडमनी घेतला, तुम्ही त्यांचं ऐकलं. चौकशीला बोलावलं तर तेवढंच सांगा. तुम्ही तिथे किती वाजता पोहोचलात, गाडी किती वाजता हलली, हे जीपीएस सांगेल. म्हणूनच वर त्या नोंदी जपायला सांगितलं. काही ठिकाणी अशा नोंदी ठराविक काळाने पुसल्या जातात, त्यामुळे हा अर्ज सगळ्यात आधी जाऊ द्या.

‘मिटवणं’ म्हणजे काय हेही समजून घ्या. जबर दुखापतीचा गुन्हा न्यायालयाच्या परवानगीने तडजोडीने मिटू शकतो. १३२ आणि १२१ तसे मिटत नाहीत, ते रद्द करायचे तर उच्च न्यायालयात जावं लागतं. चावडीवर बसून, चार माणसांसमोर कागदावर सही घेऊन हे प्रकरण संपत नाही. असा कोरा किंवा अर्धवट कागद पुढे आला तर सही करू नका. उद्या त्या बापाने येऊन मनापासून माफी मागितली आणि तुम्हाला द्यावीशी वाटली, तर त्याला कायद्यात वाट आहे. पण ती माफी तुमची असेल, सुपरवायझरने तुमच्याकडून वसूल केलेली नसेल. आणि ज्याने हाड मोडलं, ज्याने ओढणी ओढली, त्यांची माफी त्या बापाने मागून चालणार नाही.

महिना उलटला म्हणून उशीर झाला असं समजू नका. दोन-तीन वर्षांच्या शिक्षेच्या गुन्ह्यांना न्यायालयाने दखल घेण्याची मुदत तीन वर्षं आहे आणि त्याहून मोठ्या शिक्षेच्या गुन्ह्यांना मुदतच नाही. फक्त उशीर का झाला ते फिर्यादीतच लिहा: अमुक तारखेला ठाण्यात गेलो होतो, एनसी घ्यायला सांगितलं. एनसी नोंदवली असेल तर तिची प्रत जोडा. तुम्ही लगेच गेला होतात याचा तोच पुरावा आहे.

ठाण्यात परत नकार मिळाला तर लेखी फिर्याद टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवा, स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह. तिथेही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे प्रतिज्ञापत्रासह अर्ज करता येतो. खटला सरकार चालवतं, त्यामुळे तुम्हाला स्वतःचा वकील लावावाच लागेल असं नाही. अर्ज लिहायला मदत हवी असेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. महिलांना तिथे मोफत वकील मिळतो, म्हणजे मॅडमना नक्की मिळेल. कमी उत्पन्न असलेल्यांनाही मिळतो, तुमचं बसतं का विचारून घ्या. एफआयआरची प्रत मोफत मिळते, आणि तपास कुठपर्यंत आलाय हे पोलिसांनी ९० दिवसांच्या आत तुम्हाला कळवायचं असतं. कळवलं नाही तर विचारा.

नोकरीचं काय ते मी ठरवणार नाही. वहिनींची भीती खरी आहे, त्यांना घरात माणूस हवाय. पण छातीत धडधडत असताना, रात्रीची झोप उडालेली असताना घेतलेला निर्णय पुढे सलतो. आधी त्या धडधडीवर उपाय करा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे, तिथे मराठीत बोलता येतं. रस्त्यावर मरण पाहणाऱ्या आणि मार खाल्लेल्या माणसाला असं होणं हा कमकुवतपणा नाही. मॅडमनाही विचारा, त्यांना झोप लागते का. हात बरा होईपर्यंत रजेवर राहा, आणि परत जाताना काही दिवस दिवसाची पाळी मागा, लेखी.

फिर्याद द्यायला जाताना एकटे जाऊ नका. सोबत सहकारी किंवा कामगार संघटनेचा माणूस असू द्या. मूळ एक्स-रे आणि केसपेपर घरी ठेवा, सोबत प्रती न्या. लिहून झालेली फिर्याद पूर्ण वाचा. वाचून दाखवली तर हळू वाचायला सांगा. तीत ‘रुग्ण गाडीत असताना’, ‘चावी काढून’, ‘वीस मिनिटं’ आणि ‘करंगळीचं हाड मोडलं’ हे चारही शब्द आले नसतील, तर सही करण्याआधी घालायला लावा.